गडावरची पंगत

कान तुटलेल्या कपात चिंच भिजवायची, काड्या मोडलेल्या छत्रीच्या मुठीने माळ्यावरचे डबे ओढायचे. मुलुंडला आमच्या शेजारी राहणाऱ्या तावडेवहिनींच्या घरात मोडक्या वस्तूला कधी सुट्टी नसे. मी चेष्टा केली की म्हणायच्या, "मोडला म्हणान टाकूचा काय, भावजी?" वहिनी जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण आमच्याकडे काही फुटलं की त्या अजून मला दटावतात.

तावडे कारखान्यात होते. यंत्रात उजवा हात मनगटापासून गेला आणि एवढा गप्पिष्ट माणूस घरात बसला. दुःख हाताचं होतंच, पण लाज होती ती डाव्या हाताने जेवण्याची. लग्न असो की सत्यनारायण, तावडे पंगतीला बसत नसत. वहिनी आतून झुरत.

पंच्याऐंशीच्या आसपास आमच्या बिल्डिंगची सहल एका गडावर निघाली. वहिनींनी नवऱ्याच्या नाकदुऱ्या काढल्या. "येतंय, पण थंय जेवचंय नाय," या अटीवर ते आले.

गडावर छोटं संग्रहालय होतं. आम्ही सगळे तलवारींपुढे गर्दी करून उभे. वहिनी थांबल्या एका दगडी देवीपुढे. देवीचा उजवा हात तुटलेला होता. त्यांनी अंबाड्यातली अबोली काढून तिच्या पायाशी ठेवली. रखवालदार धावत आला.

"बाई, खंडित मूर्ती आहे ती. पूजा नसते तिची."

"हात मोडलो म्हणान देवपण गेला?" वहिनींचा आवाज चढला.

मागे तावडे उभे होते. ते तडक बाहेर निघून गेले. मला वाटलं, सहलीचा विचका झाला.

दुपारी पाण्याच्या टाक्याजवळ पंगत बसली. तावडे लांब तटावर पाठ करून बसलेले. वहिनींनी त्यांचं पान आपल्या शेजारी मांडलं आणि सगळ्यांदेखत स्वतः डाव्या हाताने जेवायला सुरुवात केली. घासागणिक आमटीभात सांडत होता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अहो, हय येवा जरा!" वहिनींनी हाक मारली.

तावडे वळले, बघत राहिले, मग तरातरा आले. "अगो, उजव्या हातान जेव! साडयेर किती सांडलंस!"

"माका जमणा नाय. तुमका जमता ना? बसा, दाखवा."

तावड्यांनी मांडी घातली, भात कालवला आणि डाव्या हाताने एक घास नीट उचलून बायकोपुढे धरला.

"असो धरूचो घास," ते म्हणाले. "आंगठो आत घेवचो."