चांदीचं चिनी कुलूप

स्वरूपाला हॅनोव्हरला येऊन चौदा वर्षं झाली होती. नवऱ्याला, देवदत्तला, इथल्या मशीनच्या कारखान्यात नोकरी लागली आणि त्याच्यामागोमाग ती आली. पुण्यात केमिस्ट्री शिकली होती. इथे जर्मन शिकून जुन्या धातूच्या वस्तू साफ करायची, त्यांची झीज थांबवायची विद्या तिने नव्याने पदरात पाडून घेतली आणि शहरातल्या एका संग्रहालयात ती नोकरीला लागली. काम चिकाटीचं होतं, आणि चिकाटी तिच्यात मुळातच होती.

गेल्या वर्षी तिच्या टेबलावर चीनच्या पेट्या आल्या. एकोणिसाव्या शतकात चीनने अफू नको म्हटलं म्हणून गोऱ्यांनी तोफा डागून त्याची बंदरं उघडायला लावली. ती अफू मुंबई बंदरातूनही जायची. मग रेल्वे आली, खाणी आल्या, पाद्री आले. शेवटी १९०० साली तिथले लोक चवताळून उठले, तेव्हा आठ देशांच्या फौजा त्यांच्यावर तुटून पडल्या. जर्मन होते, आणि इंग्रजांच्या हुकमावरून गेलेल्या हिंदुस्थानी पलटणीही होत्या. बंड मोडल्यावरही गावं जळत राहिली. जर्मन शिपायांनी तेव्हा घरी आणलेला माल आता त्यांच्या पणतवंडांनी पोटमाळ्यावरून काढून संग्रहालयाला दिला होता. तो कुणाचा हे शोधून परत करायचा, म्हणून लिन नावाची एक चिनी संशोधक खास आली होती.

तिसऱ्या पेटीत चांदीची सात कुलपं निघाली. नुसती कुलपाच्या आकाराची, पोकळ, गळ्यात घालायची. स्वरूपाचा हात तिथेच थांबला. अगदी असंच एक कुलूप खडकीला तिच्या माहेरी होतं.

तिचे पणजोबा त्याच लढाईत सॅपर्स, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या, पलटणीतून चीनला गेले होते. नदीवर पूल बांधताना त्यांनी वाहून जाणारं एक पोर वाचवलं आणि त्याच्या आईने उपकार म्हणून हे कुलूप त्यांच्या हातात ठेवलं, अशी गोष्ट घरात सांगत. चार पिढ्यांची बारशी त्या कुलपाने झाली होती. स्वरूपाच्या गळ्यात ते होतं. तिच्या मुलीच्या, ऊर्जाच्याही.

तिने लिनला विचारलं, की ही कुलपं कशासाठी असतात. लिन म्हणाली, मूल शंभर वर्षं जगावं म्हणून आईबाप घालतात. जीव देहात कुलूपबंद राहावा म्हणून. मूल मोठं होईपर्यंत ते काढत नाहीत.

"उपकार म्हणून कुणी देईल?" स्वरूपाने विचारलं.

"पोराच्या गळ्यातलं?" लिन म्हणाली. "नाही देणार."

स्वरूपाने आईकडून फोटो मागवला. कुलपाची डावी कडी लांबट होऊन तुटलेली होती. घरात सगळे समजत, वापरून झिजली. झिजलेली चांदी कशी दिसते हे स्वरूपाला ठाऊक होतं, आणि हिसडा बसून ताणलेली कशी दिसते तेही. पेटीतल्या सातांपैकी चार कड्या तशाच होत्या.

देवदत्त म्हणाला, बाबा ऐंशीचे झालेत, कशाला सांगतेस? ती गप्प बसलीही असती. पण डिसेंबरात तिचा भाऊ हृषिकेश याच्या मुलाचं, विहानचं, बारसं ठरलं. ती खडकीला गेली आणि बारशाच्या आदल्या दुपारी बाबांसमोर बसून तिने सगळं सांगितलं.

तिचे वडील सुधीरराव दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. माणूस शिस्तीचा, आवाज कधी न चढवणारा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी आजोबांच्या मांडीवर वाढलोय," ते म्हणाले. "घरातली मुंगीही मारू देत नसत."

"बाबा, मला नाही वाटत ते वाईट होते."

"मग काय वाटतं? गोऱ्यांनी महाल लुटले. आमचा माणूस पोटासाठी गेला, हुकूम झाला तिथे उभा राहिला. त्याला तू आज चोर ठरवतेस, ते जर्मन लोकांचा पगार घेऊन."

त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, आणि कडी तर तुटलेलीच होती.

बारसं कुलपाशिवाय झालं. बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. सुधीरराव आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. ती निघाली त्या दिवशी मात्र रुमालात बांधलेलं कुलूप त्यांनी तिच्या हातात दिलं.

"घेऊन जा. एका लुटारूच्या घरातून दुसऱ्याच्या कपाटात. तुला समाधान वाटेल."

हॅनोव्हरला तिने ते साफ केलं. मागच्या बाजूचा काळा थर निघाला तशा सुईने कोरल्यासारख्या बारीक रेघा दिसू लागल्या. लिनने भिंग लावून पाहिलं आणि एकेक रेघ कागदावर उतरवून घेतली. मग म्हणाली, नाव आहे, मुलीचं. चुनलान.

गाव कुठलं ते लिहिलेलं नव्हतं. पणजोबांनी कधी गावाचं नाव घेतलं नव्हतं. लिनने तीन महिने पलटणीच्या नोंदी धुंडाळल्या. ज्या नदीकाठी पलटण होती, तिथली अकरा गावं त्या हिवाळ्यात जळाली होती. परत करायचं तरी कुणाला? नोंदवहीत 'मालक अज्ञात' असं लिहून स्वरूपाने कुलूप त्या सातांशेजारी ठेवलं. त्या दिवशी टेबलापाशी ती रडली. लिनने खुर्ची ओढली आणि बाजूला बसून राहिली.

संध्याकाळी तिने खडकीला फोन लावला. आईने, कुसुमताईंनी, तो स्पीकरवर टाकला. बाबा ऐकत असतील म्हणून स्वरूपाने मुलीचं नाव सांगितलं.

मग बाबांचा आवाज आला, हळू, थकलेला.

"नाव कशाला सांगितलंस, पोरी?"

त्यानंतर ते फोनवर आलेले नाहीत. ती दर रविवारी फोन करते, आई जेवणाखाणाचं, विहानच्या दातांचं सांगते. मागच्या आठवड्यात आई म्हणाली, बाबांनी बैठकीतला पणजोबांचा गणवेशातला फोटो स्वतः स्टुलावर चढून उतरवला. दोन दिवस भिंतीवर नुसता खिळा होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पुन्हा टांगला, आणि आता ते त्या खोलीत बसत नाहीत.