पिशवी हातातच

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी केलेला गाढवपणा आधीच सांगून टाकतो. फोन त्याच्याच नंबरवरून होता. पलीकडून बाईचा रडका आवाज आला, "मास्तर, हे गेले हो..." आणि मी विचारलं, "आधी म्हशीचं नाव सांगा." ही शिकवण उत्तमचीच. हल्ली कुणाच्याही आवाजात कुणीही बोलतं, तेव्हा खूण पटल्याशिवाय माझ्या फोनवरही विश्वास ठेवू नको, असं त्यानं मला बजावलेलं. त्याच्या म्हशीचं नाव ही आमची ठरलेली खूण. मग कमलवहिनी हुंदका गिळून म्हणाल्या, "चंद्री." ... त्या एका शब्दावर खूण पटली, उत्तम खरंच गेला होता.

उत्तम हदगावचा. पंचायत समितीत सगळी नोकरी केली, आणि तिथंच माणसांवरचा विश्वास उडाला असं तो सांगायचा. मी अहमदपूरचा शाळामास्तर. नांदेडला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची दोस्ती. निवृत्तीनंतर त्यानं वहीएवढा लॅपटॉप घेतला. "जे काखेत मावत न्हाई, ते आपलं न्हाई," हा त्यामागचा विचार. मग ते यंत्र काखेतच राहिलं. न्हाव्याच्या दुकानात नंबर येईपर्यंत त्यावर भीमगीतं ऐकायची, बांधावर बसून सोयाबीनचा भाव बघायचा, भाचीच्या लग्नाची पत्रिका एका बोटानं टाइप करायची. कॅमेऱ्यावर मात्र वहिनींची टिकली चिकटवलेली. वापर जेवढा, तेवढाच संशय. एकदा सकाळी सकाळी मला फोन करून म्हणतो, "हे आपोआप बंद होऊन चालू झालं. कोन आलतं रे यात?" मी म्हणालो, "अपडेट आलं असंल." तर म्हणे, "तेच विचारून राहिलो. कोन धाडलं?"

अशा माणसाचं यंत्र हरवायला माझ्यासारखाच शहाणा लागतो. आम्ही लातूरला एका लग्नाला निघालो होतो. नांदेडच्या स्टँडवर ही गर्दी. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हा आपला रिवाज. माझा रुमाल घरी राहिलेला. उत्तमनं पाण्याच्या बाटलीसाठी जाताना यंत्राची पिशवी माझ्या हातात दिली होती. मी ती खिडकीतून सीटवर टाकली आणि मर्दुमकी गाजवल्यासारखा दारातून घुसलो. आत आमच्या जागेवर एक म्हातारी. "आजी, पिशवी कुठंय?" "कंची पिशवी रं?" मी तिच्याशी हुज्जत घालतोय, तोवर शेजारची भोकरची गाडी निघून गेली. पिशवी तिच्यात होती! शेजारी शेजारी उभ्या गाड्या, आणि मी पाटी वाचलीच नव्हती.

कंट्रोलरनं भोकरला फोन लावला. संध्याकाळी कंडक्टरनं पिशवी जशीच्या तशी आणून दिली. म्हणाला, "काका, मी उघडून बघितलो न्हाई बरं का." तो गेल्यावर उत्तम माझ्या कानाशी लागला, "न्हाई बघितलो असं आपनहून कामून सांगितला?" लग्न बुडालंच होतं. पण खरा घाव पुढं बसला. माझ्याकडं वळून तो शांतपणे म्हणाला, "आन् तूबी मुद्दाम टाकलास का काय?"

मी हसलो. तो हसला नाही. त्या दिवसानंतर आम्ही पहिल्यासारखेच भेटत होतो, चहा पीत होतो, पण मी दिसलो की ती पिशवी या काखेतून त्या काखेत, माझ्यापासून लांबच्या बाजूला जायची. मी कितीदा शपथा घेतल्या. "हाव, हाव," म्हणायचा... त्यातलं खरं किती, कळायचं नाही. लातूरच्या दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हाही यंत्र उशीखाली होतं. उशी सारखी करायला मी हात घातला तर टक्क जागा झाला. "काय पायजे?" एवढंच बोलला. मी उशी सोडली. त्यानंतर तो माझ्याशी बोललाच नाही, आणि माझ्या मनात तेवढंच टोचत राहिलं... गड्यानं मला चोर ठरवूनच डोळे मिटले का?

परवा उत्तमच्या जलदान विधीला हदगावला गेलो. माणसं पांगल्यावर वहिनींनी ती पिशवी माझ्या हातात ठेवली. "हे तुमाला द्या म्हनले होते. मास्तर येंधळा हाय, पन लबाड न्हाई, म्हनले." मग पदर डोळ्याला लावत पुढचंही सांगून टाकलं, "आन् गाडीत हातातच धर म्हनावं."

परतीची गाडी खच्चून भरलेली. बसायला जागा नव्हती. एका हातानं दांडी धरून, काखेत पिशवी दाबून मी उभा होतो. खिडकीशी बसलेला एक भला गृहस्थ म्हणाला, "द्या काका, मांडीवर ठिवतो. कवापर्यंत धरून उभं ऱ्हाताल?"

"असू द्या."

"द्या की! मी काय घेऊन पळून राहिलो का?"

मी त्याच्याकडं निरखून बघितलं. पळायची गोष्ट यानं आपणहून कामून काढली?... पिशवी मी त्या काखेतून या काखेत घेतली, त्याच्यापासून लांबच्या बाजूला, आणि नांदेड येईपर्यंत त्याच्यावरची नजर हलवली नाही.