सहा सेल आणि एक नारळ

सेवेतली बरीच प्रकरणे आता मी नावागावासकट विसरून गेलो आहे. सात-बारासारखे पाठ असलेले गुन्हा रजिस्टर नंबरही गेले. टॉवरवरच्या बॅटरीचे ते एक प्रकरण मात्र आजही जसेच्या तसे आठवते, आणि आठवले की स्वतःचा थोडा रागही येतो.

दोन हजार सालानंतरची ती वर्षे. मोबाईल पुण्यातून हायवेने भोरपर्यंत आला होता आणि आता वेल्ह्याच्या डोंगरात शिरत होता. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा, तीही ड्रायव्हरच्या मर्जीने यायची, तिथे मंडळी हातात फोन घेऊन रेंज शोधत बांधावर उभी दिसायची. कंपन्यांनी टेकड्या धरून टॉवर उभे केले आणि आमच्या ठाण्याला नवीन कामे लागली. डिझेल चोरी, केबल चोरी, बॅटरी चोरी. पूर्वी भाताच्या कणगी फुटल्याच्या तक्रारी यायच्या, आता या.

पासलीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. वीस-बावीस उंबरे, भात आणि नाचणीची शेती. वाडीच्या माथ्यावर देवराई, आणि देवराईच्या कडेला टॉवर. तिथवर वीज पोहोचलेली नव्हती. टॉवर डिझेलच्या जनरेटरवर चालायचा आणि जनरेटर बंद असेल तेव्हा बॅटऱ्यांवर. बॅटऱ्या म्हणजे चोवीस मोठे सेल, ओळीने मांडलेले. एके दिवशी कंपनीचा सुपरवायझर ठाण्यात आला आणि त्यातले सहा सेल चोरीला गेल्याची फिर्याद देऊन गेला.

आम्ही वर जाऊन पंचनामा केला. खोलीचे कुलूप तुटलेले नव्हते. जनरेटरच्या टाकीतले डिझेल थेंबभरही कमी झालेले नव्हते. किल्ली एकच, आणि ती वॉचमनकडे. वॉचमन वाडीतलाच, पन्नाशीचा, अंगाने काटकुळा माणूस. सुपरवायझरचे म्हणणे सरळ होते. किल्ली याची, कुलूप शाबूत, मग चोर शोधायला आणखी कुठे जायचे? वरून पुण्यातल्या त्याच्या साहेबांचे फोन आमच्या साहेबांना सुरू झाले होते.

मी वॉचमनला तीन दिवस सकाळी बोलावून संध्याकाळी सोडत होतो. आमच्या धंद्यात असे मानतात की निर्दोष माणूस आधी घाबरतो आणि मग चिडतो, आणि गुन्हेगार आधी गोड बोलतो. हा यातले काहीच करीत नव्हता. बाकावर बसायचा, पाणी मागायचा, चंची काढून पान लावायचा. त्याने चोरी केली का, तर नाही. कुणी केली, तर गप्प. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तिसऱ्या दिवशी एकच वाक्य हाती लागले.

"साहेब, इचारल्याबिगर तितनं कायबी गेलं न्हाई."

कुणाला विचारून गेले, असे मी दहा वेळा विचारले. त्याने पुन्हा चंची उघडली. सुपरवायझर शेजारीच होता, तो म्हणाला की कंपनीला तर कुणी विचारलेले नाही. मला ते वाक्य उर्मटपणाचे वाटले. चौथ्या दिवशी मी त्याला अटक केली. कोर्टाने दोन दिवसांची पोलीस कोठडी दिली. अंगझडतीत एक मोबाईल, एक चंची आणि थोडी चिल्लर मिळाली, ती रीतसर जमा करून घेतली. त्या माणसाला वाडीतून कुणी भेटायला आले नाही याचेही मला तेव्हा नवल वाटले नाही. गुन्हेगाराला गावाने टाकले, एवढाच अर्थ मी काढला.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी हायवेच्या वस्तीवरचा एक दुकानदार ठाण्यात आला. मुसलमान गृहस्थ, तीस वर्षे गाड्यांच्या बॅटऱ्या भरून देण्याचा धंदा. जीपच्या, ट्रॅक्टरच्या, शिवाय ज्या वाड्यांत वीज नाही तिथल्या टीव्हीच्याही बॅटऱ्या त्याच्याकडे यायच्या. एसटी स्टँडवर चोरीची चर्चा ऐकली आणि राहवले नाही म्हणून आलो, असे तो म्हणाला. आठवड्यापूर्वी दोन माणसे जीपमधून सहा मोठे सेल घेऊन त्याच्या दुकानी आली होती. एकेक सेल दोन व्होल्टचा. ते सगळे एका माळेत जोडून भरून द्या, म्हणाली. त्याने दिले.

मी त्याच्यावरच उखडलो. असला माल बघितल्यावर तेव्हाच का नाही कळवले? तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चोर असता तर माल इकायला आला असता. ह्ये तर भरायला आलं हुतं. भरायला येनारा मानूस घरचं काम घिऊन येतो, येवडं मला कळतंय."

मग त्याने मला हिशेब समजावला. सहा सेल, प्रत्येकी दोन व्होल्ट, म्हणजे बारा. जीपच्या बॅटरीइतके. चोवीस सेल नेले असते तर भंगारात पैसे झाले असते. मोजून सहाच नेणाऱ्याला बारा व्होल्टचे काहीतरी चालवायचे होते. इतके साधे गणित माझ्या डोक्यात आले नव्हते, आणि मी त्या माणसाला दोन दिवस गजाआड बसवला होता.

मी पंचनाम्याचा कागद पुन्हा काढला. खोलीतल्या वस्तूंच्या यादीत शेवटी लिहिलेले होते: सेलच्या मोकळ्या जागी एक फोडलेला नारळ, विड्याची पाने, सुपारी, हळदकुंकू, निरुपयोगी वस्तू. अक्षर आमच्या हवालदाराचे होते. वॉचमन खोलीत पूजाअर्चा करीत असेल असे समजून मी सही ठोकली होती. हवालदार हिर्डोशीकडचा, डोंगरातलाच माणूस. त्याला बोलावून विचारले, हे काय आहे?

तो म्हणाला, "देवराईतलं काय घ्यायचं आसंल तर आदी देवाला कौल लावत्यात. देवानं दिलं तर नारळ-इडा ठिवून घ्यायचं, आन ते बी समद्या गावाच्या कामाला, देवळातच ठिवायचं. एकट्याच्या घरात न्हाई न्यायचं."

हे आधी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

तासाभरात आम्ही जीप काढली. वॉचमनला बरोबर घेतले; सुपरवायझर आपल्या गाडीने मागून आला. वाटेत मी त्याला एवढेच म्हणालो की सेल देवळात आहेत हे मला कळले आहे. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले, आणि मग तो बोलू लागला.

टॉवर आला तेव्हा वाडीतल्या लोकांनी पैसे जमवून दोन-चार फोन घेतले. भरायचे कुठे, तर टॉवरच्या खोलीत. सुपरवायझरने एकदा तिथे सात फोन लावलेले बघितले, वॉचमनला दम दिला आणि प्लगच्या पेटीला कुलूप घातले. त्यानंतर फोन भरायला वेल्ह्याला जावे लागे. त्या पावसाळ्यात वाडीतली एक सून बाळंतपणात अडली. एकाही फोनमध्ये चार्जिंग नव्हते. माणसे पायी रस्त्यापर्यंत गेली, जीप मिळेपर्यंत उशीर झाला. बाई गेली, मूलही गेले. त्या सगळ्या वेळात वर टॉवरच्या खोलीत दिवा जळत होता आणि तो वाडीतल्या प्रत्येक अंगणातून दिसत होता.

तेराव्यानंतर वाडीने कौल लावला. टॉवरची जागा देवराईची, टॉवर उभा करतानाही कंपनीच्या माणसांसमक्ष कौल लावलेला. देवाच्या जागेतले, म्हणजे देवाचे, असा त्यांचा विचार. देवाने दिले. किल्ली पहिल्या दिवसापासून देवळातल्या खुंटीलाच असायची, कारण तिथून वाडीतले कुणी विचारल्याशिवाय सुई उचलत नाही. वॉचमनच्या दृष्टीने तालुक्यात तिच्याइतकी सुरक्षित जागा नव्हती. सेल काढले त्या दिवशी तो बाजारला गेला होता. पण त्याला सगळे माहीत होते, आणि नाव कुणाचेच घ्यायचे नाही असे ठरलेले होते. म्हणूनच कुणी भेटायला आले नव्हते. एकाने तोंड दाखवले असते तर मी त्यालाही आत घेतले असते, हे ते ओळखून होते.

देवळात सेल फळीवर ओळीने मांडले होते. त्यांना जीपमध्ये लावतात तसला चार्जर जोडलेला, आणि त्यावर एक फोन. शेजारच्या भिंतीवर कोळशाने दोन नंबर लिहिले होते. एक डॉक्टरांचा, एक जीपवाल्याचा. मी ते बघत उभा राहिलो आणि मला वाईट वाटले. पण मुद्देमाल समोर होता आणि जप्ती चुकणार नव्हती.

गुरव पुढे आला. म्हातारा. म्हणाला की नेले तेव्हा विचारून नेले, परत द्यायचे तेही विचारूनच देता येईल. सुपरवायझर माझ्या मागे उभा होता, तो हसला. मी त्याला बाहेर जीपपाशी जाऊन थांबायला सांगितले आणि स्वतः टोपी काढून खाली बसलो. तसे करण्याचे कारण कोणत्याही नियमात सापडणार नाही.

देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बऱ्याच वेळाने डावी पडली. गुरवाने माझ्याकडे पाहिले. चार पोरगेले शिपाई, हवालदार, मी आणि कायदा, सगळे त्या पाकळीपुढे बसून होतो. सेल उचला असा हुकूम मी देणारच होतो.

तेवढ्यात एक म्हातारी उठली. गेलेल्या बाईची सासू. तिने गुरवाला पाकळ्या पुन्हा लावायला सांगितल्या आणि देवासमोर उभी राहिली.

"माज्या सुनंसाटी मागितलं, तू दिलंस," ती म्हणाली. "आता ह्यो मानूस आमच्यापायी कोंडलाय. त्येच्यासाटी दे."

उजवी पाकळी पडली. वाडीच्या माणसांनी सेल स्वतः खांद्यावर घेऊन जीपपर्यंत आणून ठेवले. टॉवरच्या खोलीतून ते काढणाऱ्या चौघांनी आपापली नावे लिहून दिली. मला काही विचारावे लागले नाही.

चौघांवर दोषारोपपत्र गेले. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने त्यांना चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. सेल कंपनीने ताब्यात घेतले, तेव्हा त्यांचा इंजिनियर म्हणाला की आता हे बाकीच्या सेलशी जुळायचे नाहीत, टॉवरला चालायचे नाहीत, भंगारात काढावे लागतील. म्हणजे आम्ही वाडीतून जे परत आणले त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. वॉचमनविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी दिला आणि त्याला सोडवले. नोकरी मात्र गेली. कंपनीने बाहेरचा माणूस आणला.

तपासात काय गेले हे सगळेच मोजतात. मागे काय ठेवले हे बघायला मी त्या प्रकरणात शिकलो. त्या खोलीत माणसांनी आपली ओळख ठेवली होती, आणि तिच्यापुढे निरुपयोगी लिहिलेल्या कागदावर माझी सही आहे.

सुटकेच्या दिवशी वॉचमन ठाण्यात आला. अंगझडतीतल्या वस्तू मी त्याला परत दिल्या. चंची खिशात घातली, चिल्लर न मोजता ठेवली. मोबाईल दाबून बघितला, तो बंद होता. त्याने भिंतीवरच्या प्लगकडे बघितले.

"साहेब, हितं जरा लावू का?"

लाव म्हणालो. घरी फोन करायचा असेल असे वाटले, म्हणून माझ्या टेबलावरचा फोन पुढे सरकवला. त्याने मान हलवली.

"कुनाला लावायचा न्हाई. वर आता येकबी भरल्याला न्हाई. वाडीत येक पोरगी बाळंतपनाच्या दिवसावर आलीया. ह्यो भरून नेतो."

तो दुपारभर बाकावर बसून राहिला. शेवटची एसटी सुटायच्या आधी मी स्वतः प्लग काढून फोन त्याच्या हातात दिला.