चुना आणि गेरू

हुडकेश्वरच्या आमच्या चौकात हल्ली पोरं फौजी चट्ट्यापट्ट्यांची पँट घालून उभी असतात. पायात लालभडक बूट. पाहिलं की डोकं सणकतं माझं. अरे, ती लपायची कापडं आहेत, मिरवायची नव्हेत! मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो. लपणं म्हणजे काय, हे मला नाईक प्रमोदनं शिकवलं.

प्रमोद नरखेडकडचा. सरहद्दीवरच्या आमच्या पोस्टवर कॅमोफ्लाजचं काम त्याचं. जाळीत पोत्याच्या चिंध्या विणायचा, बंकरवर चिखल लिंपायचा, दूर जाऊन डोळे बारीक करून बघायचा. "कसं जमलं?" विचारलं की म्हणायचा, "दिसून राहिलं का तुले? मंग बिघडलं."

अशात ब्रिगेडहून मोठ्या साहेबांचा दौरा ठरला. फौजेत दौरा म्हणजे चुना आणि गेरू. झाडांना गेरू, वाटेच्या दगडांना चुना. छावणीत खुशाल करा ना बापहो! पण आमच्या कंपनी कमांडरला फॉरवर्ड पोस्टही सजवायची होती.

"पोस्ट चमकनी चाहिए."

"साब, दुश्मन को भी चमकेगी," प्रमोद म्हणाला.

"जबान मत लड़ाओ. पेंट करो."

हुकूम तो हुकूम. वाटेपासून थेट बंकरपर्यंत चुना लावलेल्या दगडांची पांढरी ओळ आखली गेली. आ बैल मुझे मार, दुसरं काय! वर दौराही धुक्यामुळे रद्द झाला. धुकं विरळ होताच प्रमोद चिखलाची बादली घेऊन निघाला आणि बंकरकडून दगड झाकत गेला. अर्धी ओळ झाकून झाली आणि मोर्टार सुरू झाले.

मी रेडिओवर होतो. "वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"वेट. आउट," पलीकडून उत्तर आलं. म्हणजे थांबा, नंतर बोलू.

गोळे पांढरी ओळ आता जिथे संपत होती तिथे पडले. प्रमोद तिथेच होता. बंकरमधले आम्ही सगळे वाचलो. कमांडरला पुढे बढती मिळाली. थू!

यंदा सव्वीस जानेवारीला त्याच्या गावी गेलो. फाट्यावर त्याचं स्मारक आहे. भोवती दगडांचं रिंगण, आणि दगडांना ताजा चुना! मी खाली बसलो, मूठभर माती घेतली आणि दगडावर चोळू लागलो.

"काहून खराब करून राहिले जी?" सरपंच ओरडला.

प्रमोदची आई हार घालायला आली होती. तिला मी सगळं सांगितलं.

"माहा पोरगा असंच करत होता का गा?"

"हो, माय."

तिनं तांब्यातलं पाणी मातीत ओतलं. "कोरडी माती टिकत नाही," म्हणाली, आणि पलीकडचा दगड सारवायला बसली.