आत्यानं मशीन घेतलं

माझ्या धाकट्या आत्यानं आयुष्यात एकही वस्तू पहिल्या दुकानात घेतली नाही. सांगलीच्या बाजारात ती छत्री घ्यायला गेली की छत्री उघडून दुकानदाराच्याच हातात द्यायची आणि वरून तांब्याभर पाणी ओतायची. कुकर घेताना तिनं दुकानातच शिट्टी ऐकायला मागितली. त्या भल्या माणसानं मागच्या खोलीतल्या स्टोव्हवर पाणी ठेवून ती ऐकवली, तेव्हा "जरा चिरकी हाय," म्हणून ती रिकाम्या हातानं परत आली. घरात या स्वभावाची चेष्टा व्हायची. पण नव्वदच्या दशकात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तिनं वेल्डिंगचं मशीन घ्यायचं ठरवलं आणि चेष्टा एकदम थांबली.

आत्याचे यजमान लवकर गेले होते. आत्या वीस वर्षं शिवणकामावर जगली होती. गल्लीतल्या प्रत्येक बाईचं माप तिला पाठ होतं. पण तयार कपड्यांची दुकानं एकामागून एक उघडत गेली आणि तिच्या दारातली गर्दी ओसरली. शेवटी फक्त साडीला फॉल लावायला माणसं यायची. अशात एकदा शिवणयंत्राचा बिडाचा पाय मोडला. ती तो मिरज रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. तिथला मिस्त्री म्हणाला, "तोंड फिरवा बाई, टाका मारतो."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "तुमी बी टाकाच म्हणता व्हय?"

त्या दिवसापासून ती रोज दुपारी तिथं जाऊन बसू लागली. मिस्त्री आधी लाजला, मग वैतागला आणि मग शिकवू लागला. दोन महिन्यांत तिची सांधणी त्याच्यापेक्षा सरळ यायला लागली, कारण सरळ रेघ तिच्या हातातच होती. "शिवण ती शिवण," ती मला म्हणाली. "कापड गप ऱ्हातं, लोखंड तडतडतं, एवढाच फरक."

मग सुरू झाली मशीनची शोधाशोध. मी तेव्हा साताऱ्यात नोकरीला होतो. सुट्टीच्या दिवशी ती मला बरोबर घ्यायची, कारण दुकानदार तिच्याशी बोलत नसत. सांगली, कराड, सातारा, एकही दुकान आम्ही सोडलं नाही. तिच्या कापडी पिशवीत लोखंडाच्या चार पट्ट्या, एक हातोडी आणि काळी काच असे. दुकानदार मला म्हणायचा, "साहेब, तीनशे अँपिअरचं घ्या, आयुष्यभर बघायला नको." आत्या विचारायची, "माझ्या घरात सिंगल फेजचं मीटर हाय. हे त्याच्यावर चालंल का?" उत्तर पुन्हा मलाच मिळायचं. मग ती पट्ट्या काढायची, तिथंच जोडून दाखवायला लावायची आणि जोड हातोडीनं ठोकून बघायची. आतली तार तांब्याची की अॅल्युमिनियमची, हे ती इतक्या गंभीरपणे विचारायची की साताऱ्याच्या एका दुकानदारानं तिला सरकारी तपासनीस समजून खुर्ची पुसून दिली.

कराडला मात्र घात झाला. दुकानातल्या, झगझगाटापासून डोळे वाचवायला तोंडापुढं धरायच्या ढालीची काच तडकलेली होती आणि आत्यानं ती न बघताच हातात घेतली. सांधणीचे दहाबारा रॉड ओढून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे उघडेनात. पाणी थांबेना. वाळू टोचावी तसं होतंय, म्हणाली. डॉक्टरांनी थेंब दिले आणि अंधारात पडून राहायला सांगितलं. माझे वडील, तिचे थोरले भाऊ, साताऱ्याहून आले. कचेरीत हेडक्लार्क असलेला हा माणूस घरातही शेरा मारल्यासारखाच बोलायचा. खाटेशेजारी उभे राहून ते म्हणाले, "हे बायकांचं काम नव्हे. पुरे आता."

आत्या पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी आढ्याकडे तोंड करून पडली होती. "दादा, शिवणयंत्राची सुई माझ्या बोटातनं आरपार गेली, तवा तू आला न्हाईस पुरे म्हणायला."

वडील चहा न घेता निघून गेले. पुढं वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

डोळे बरे झाल्यावर आत्यानं पहिल्यांदा घेतली ती चांगली ढाल आणि कातडी हातमोजे. मशीन अजून नव्हतंच. ते मिळालं सांगलीतच, औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या शेडमध्ये. तिथला माणूस स्वतः मशीन बनवायचा. तेलात थंड राहणारं, तांब्याच्या तारेचं, सिंगल फेजवर चालणारं. तो आत्याशीच बोलला. तिनं सलग वीस रॉड ओढले. दर पाच रॉडनंतर ती ताप बघावा तसा मशीनच्या अंगावर तळहात ठेवायची. मग विचारलं, "सांजच्याला आमच्या गल्लीत वीज कमी येती. तवा?"

"तवा न्हाई चालणार," तो म्हणाला. "तवा काम थांबवायचं. अन् जाड लोखंडाला ह्ये न्हाई. खिडक्या, फाटकं, खुर्च्या, एवढंच."

आत्या उठली आणि मला म्हणाली, "टेम्पो बघ." वाटेत मी कारण विचारलं. "बाकीच्यांनी काय काय व्हतंय ते सांगितलं," ती म्हणाली. "ह्यानं काय व्हत न्हाई ते सांगितलं."

खिडक्यांच्या जाळ्या करता करता तिचा जम बसला. पुढल्या उन्हाळ्यात वडिलांनी साताऱ्यात घर बांधलं. एके दिवशी आत्याला पोस्टकार्ड आलं. त्यावर मायना नव्हता, खुशाली नव्हती. फाटकाची लांबी, रुंदी आणि खाली सही. आत्यानं ते कार्ड दोनदा वाचलं, मशीन टेम्पोत चढवलं आणि साताऱ्याला आली.

दिवसभर अंगणात काम चाललं. चौकट काटकोनात धरायला माणूस हवा होता. वडील आपणहून पुढं झाले. "दादा, तोंड भिंतीकडं कर. मी सांगितल्याबिगार वळायचं न्हाई," आत्यानं दरडावलं. आयुष्यात कुणाचं न ऐकलेला तो माणूस दुपारभर भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी लोखंड धरून उभा राहिला. मागं निळा उजेड लखलखत होता आणि त्यांची सावली भिंतीवर लहानमोठी होत होती.

शेवटचा टाका पडला. आत्यानं ढाल खाली ठेवली. "बघ आता."

वडील वळले. फाटकाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, "हात भाजला का गं कुठं?"

आत्यानं मोजे काढले आणि दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. लहान मुलीनं जेवण्याआधी धुतलेले हात दाखवावेत तसे. वडिलांनी चष्मा लावून ते उलटसुलट करून पाहिले. पाहून झाल्यावरही त्यांनी ते लगेच सोडले नाहीत. आता दोघंही नाहीत. त्या संध्याकाळी मी दोघांसाठी चहा ठेवायला आत गेलो.