खडीवरची चाल

"चोर! चाल चोरलीय ह्यांनी!" समोरच्या पार्टीचा गाणारा भर मांडवात ओरडला. माझ्या धाकट्या जावेनं हातातला माईक न सोडता मागं वळून माझ्याकडं बोट केलं. "आमच्या आक्कांनी बसवलीय. त्यांना इचारा."

तोवर ती हे गाणं गावोगाव म्हणत होती, वाहवा घेत होती. चाल आक्कांची, हे तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. चोरीचा आळ आला तेव्हा निघालं.

उमरग्याजवळच्या एका गावात दूध सोसायटी निघाली होती. तिच्या उद्घाटनाला भरदुपारी दोन गायन पार्ट्या समोरासमोर बसवल्या होत्या. एक कर्नाटकाच्या हद्दीवरची, दुसरी आमची, बुद्धवाड्यातली. नवरा पेटीवर, दीर गाणी लिहिणारा, त्याची बायको पुढं गाणारी आणि मी मागं झांज घेऊन. माझा आवाज फाटका. तिचा गोड, आणि दिसायलाही ती बरी.

दुसऱ्याची चाल घ्यायला आमच्यात कुणाची ना नसायची. फक्त गाण्याआधी ज्याची चाल त्याचं नाव घेऊन हात जोडायचे. न जोडता गायलं की ती चोरी. मग पेटी झाकून मांडवातून उठायचं, आणि त्या भागात पुन्हा कुणी गायला बोलवत नाही.

चाल दुष्काळातली होती. रस्त्याच्या कामावर मी आणि जाऊ शेजारी बसून खडी फोडायचो. हातोड्याबरोबर मी गुणगुणायचे. दगड फुटला की तो ढिगावर फेकायला हात थांबायचा, तिथं गाणंही थांबायचं आणि मग वर चढायचं. जावेनं ते घरी नेलं. दिरानं त्यावर जयंतीचं गाणं लिहिलं आणि रीतीप्रमाणं शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घातलं.

मी म्हणाले, "माझंबी घाला की."

तो हसला. "वहिनी, कवीचं नाव घालत्यात. चालीचं कुठं घालत्यात व्हय?"

नवऱ्याकडं गेले, तर तो म्हणाला, "कशाला बोंबलतीस? चाल घरातच हाय की."

"घरात बांधायला ती काय म्हैस हाय?"

तेव्हापासून मी मागं बसून झांज जरा जास्तच जोरात वाजवायचे.

मांडवात आता सगळे माझ्याकडं बघत होते. समोरचा म्हणाला, "आमच्या गावच्या बाया हीच चाल म्हणत्यात. मग तुमची कशी?"

"त्या बाया रस्त्याच्या कामाला हुत्या का?"

"हुत्या."

"मग माझ्याच रांगेत हुत्या. तिथनंच नेली असंल त्यांनी."

लोक हसले. तो हसला नाही. "म्हणून दाखवा."

मी खडीवरचेच बोल म्हटले, मुकादमाला शिव्या देणारे. थांबायच्या जागी थांबले आणि दगड फेकल्यासारखा हात फेकला. त्याबरोबर बायकांच्या बाजूला दहा-बारा हात तसेच उडाले. खडी फोडलेल्या बाया त्या, दोन्हीकडच्या. पुढची ओळ त्यांनीच उचलली, मुकादमाच्या शिव्यांसकट. आता चाल कुणाची, हे विचारायचं कारण कुणाला उरलं नाही.

समोरच्यानं हात जोडले. पण मला नाही, माईकपाशी उभ्या असलेल्या जावेला.

मग तिनं गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. मी जिथं दगड फेकायचे, तिथं ती श्वास धरून थांबली आणि आख्खा मांडव तिच्यासाठी थांबला. माझी चाल ती माझ्यापेक्षा चांगली म्हणत होती. तिचा घसा बसावा असं मला वाटलं. बसला नाही.

परत येताना ट्रकमध्ये ती म्हणाली, "आक्का, तुमच्यामुळं अब्रू वाचली."

"मग आता दरवेळी माझं नाव घ्यायचं."

"घीन की."

घेतलं नाही. मीही पुन्हा मागितलं नाही. मागून मिळालेलं मला नकोच होतं.

हल्ली पोरं ते गाणं जयंतीला डीजेवर लावतात. थांबायची जागा काढून टाकलीय, तिथं नुसता धबधब आवाज असतो. गेल्या वर्षी त्यांनी जावेला स्टेजवर नेलं, शाल घातली आणि ही चाल आजींची म्हणून सांगितलं. ती गप्प बसली. मी खाली खुर्चीत होते.

नवरा गेला, दीर गेला. त्या दुपारी मांडवात गायला बसलेल्या आमच्या पार्टीतल्या ती आणि मी, एवढ्या दोघीच जिवंत आहोत.