शुक्रवारचा प्रोग्राम

फकी सर भिवंडीत गणित शिकवायचे. गावातले लूम, म्हणजे यंत्रमाग, चालले की व्होल्टेज पडायचं, म्हणून त्यांचा कॉम्प्युटर फक्त शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला चालायचा. एका बिंदूतून पसरलेल्या शंकूंचा पंखा, जणू पाचरी जोडून शिवलेलं कापड, त्याच्या किरणांना, म्हणजे कडांना, उंच्या देऊन, प्रत्येक शिवणीवर एकाच दिशेने घडी पडेल असा तंबूसारखा उचलता येतो का, हे तपासणारा प्रोग्राम त्यांनी सात वर्षं लिहिला. उत्तर दरवेळी 'हो' यायचं.

मी रुकय्या, त्यांची विद्यार्थिनी. शहाण्णव साली एका शुक्रवारी मी मशीनने काढलेल्या त्या उंच्या छापून पाहिल्या. सगळ्या शून्य! घडी पडलीच पाहिजे ही अटच सर विसरले होते. मशीन सपाट कापडालाही तंबू म्हणत होतं.

"सात वर्षांत एकदाही छापून बघावंसं वाटलं नाही, सर?" मी चिडून विचारलं.

"हो म्हणत होतं ना गं ते."

त्या शुक्रवारी व्होल्टेज अगदी बरोबर होतं; दोष त्यालाही देता येत नव्हता.